सोसायटीचा कॉमन मीटर: वीज आणि कार्बन कमी करायला सुरुवात कुठून करायची

सोसायटीच्या कमिटीवर नव्याने निवडून आलेल्यांसाठी हा लेख आहे. चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार किंवा साधे सदस्य, कोणीही असा. इंजिनिअर असण्याची गरज नाही. बेरीज-गुणाकार येत असेल आणि रात्री एकदा मीटर रूममध्ये जाऊन उभं राहायची तयारी असेल, तर तेवढं पुरे.

कमिटीच्या पहिल्याच बैठकीत बहुतेक वेळा कोणीतरी म्हणतं, "चला, गच्चीवर सोलर बसवू." सोलर बसवायचंच आहे, पण ते शेवटी. गळक्या हंड्यात पाणी भरत राहण्यापेक्षा आधी हंडा सांधलेला बरा. वापर अर्ध्यावर आणून मग सोलर घेतलं, तर पॅनेल अर्धी लागतात, गच्ची मोकळी राहते आणि वर्गणीही कमी काढावी लागते. हा क्रम चुकल्यामुळे पैसे वाया गेलेल्या सोसायट्या मी पाहिल्या आहेत, म्हणून आधीच सांगतो.

मुळात यात पडायचं कशासाठी? बिल तर कमी होतंच, पण दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. भारतात तयार होणाऱ्या विजेपैकी सुमारे तीन चतुर्थांश अजूनही कोळशावर होते. ग्रीडमधून, म्हणजे विजेच्या सामाईक जाळ्यातून, घेतलेल्या एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या पार्किंगमध्ये भर दुपारी जळणाऱ्या ट्यूबचा धूर तिथे दिसत नाही. तो निघतो चंद्रपूर, कोराडी, भुसावळ, परळी अशा ठिकाणी. एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. तिथली राख आणि धूर तिथल्या माणसांच्या वाट्याला येतो. आपण वाचवलेल्या युनिटचा हिशेब तिथपर्यंत पोचतो.

पहिलं काम: बिल नीट वाचा

कॉमन मीटर म्हणजे जिन्यातले दिवे, लिफ्ट, पंप अशा सामाईक वापराचा मीटर. त्याची गेल्या बारा महिन्यांची बिलं काढा. फाइलमध्ये नसतील तर ग्राहक क्रमांक टाकून महावितरणच्या संकेतस्थळावर मिळतात. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवर असेल तर त्यांच्या. रुपयांचे आकडे सध्या बाजूला ठेवा, फक्त युनिट लिहून घ्या. दर बदलतात, इंधन समायोजन आकार खाली-वर होतो, त्यामुळे रुपयांवरून वापर कळत नाही. प्रत्येक महिन्याचे युनिट त्या बिलातल्या दिवसांनी भागा. रोजचे किती युनिट, हा आकडा आपल्या कामाचा. एक बिल २८ दिवसांचं, दुसरं ३३ दिवसांचं असू शकतं, म्हणून हा भागाकार टाळू नका.

बिलावर आणखी दोन गोष्टी पाहा. एक, दराचा वर्ग. निवासी सोसायटीचे जिन्यातले दिवे, लिफ्ट आणि पाण्याचा पंप यांना निवासी दर लागतो. बिलावर चुकून व्यावसायिक वर्ग पडला असेल तर लेखी अर्ज करून तो बदलून घ्या. दुसरी गोष्ट म्हणजे स्लॅब. घरगुती दर शंभर, तीनशे, पाचशे युनिटच्या टप्प्यांनी चढत जातो. मोठ्या इमारतीचा कॉमन मीटर पाचशेच्या पार गेलेला असतो, म्हणजे त्याची शेवटची युनिटं सर्वात महाग दराची असतात. बचत नेहमी वरून होते. आपण वाचवलेलं प्रत्येक युनिट आधी त्या महाग टप्प्यातलं कमी होतं. गुंतवणूक किती दिवसांत फिटेल याचा हिशेब म्हणूनच सरासरी दराने मांडू नका, वरच्या टप्प्याच्या दराने मांडा.

दुसरं काम: रात्री अकराला मीटर रूममध्ये

वीज कुठे जाते हे बिल सांगत नाही, मीटर सांगतो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ छापलेलं असतं की तो किती वेळा लुकलुकला म्हणजे एक युनिट झालं. हा आकडा मीटरप्रमाणे वेगळा असतो. समजा तुमच्या मीटरवर १,२०० आहे. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि ३० सेकंदांत दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. २० वेळा झाला, तर ३,६०० गुणिले २०, भागिले ३० गुणिले १,२००. उत्तर येतं २. त्या क्षणी कॉमन लाइनवर दोन किलोवॅट भार आहे. मोठ्या सोसायटीत मीटरला सीटी, म्हणजे मोठा प्रवाह कमी करून मीटरकडे पाठवणारे ट्रान्सफॉर्मर, जोडलेले असतात. तिथे बिलावरच्या गुणक अवयवाने हे उत्तर गुणावं लागतं.

आता एकेक गोष्ट बंद-चालू करून पाहा. बरोबर वॉचमनकाकांना घ्या, आणि इलेक्ट्रिशियन येत असेल तर उत्तमच, कारण मेन बोर्डाला हात लावायचं काम त्याचं. पार्किंगचे दिवे बंद केले की आकडा किती उतरला? जिन्याचे? लिफ्ट थांबवून ठेवली तरी ती काही खातेय का? तासाभरात कागदावर चार-पाच ओळी होतात, आणि मीटिंगमधले निम्मे वाद त्या कागदावरच मिटतात.

उदाहरण म्हणून पार्किंग अधिक सात मजल्यांची, २८ फ्लॅटची एक इमारत घेऊ. पुढची गणितं तिचीच आहेत. समजा रोजचा कॉमन वापर ४५ युनिट निघाला: दिव्यांचे २५, पंपाचे ५, लिफ्ट आणि बाकीचे १५. तुमचे आकडे वेगळे येतील. पद्धत तीच.

तिसरं काम: दिवे

इथे डोकं फार लढवावं लागत नाही, म्हणून सुरुवात इथून करा. जुनी ट्यूब ४० वॅटची म्हणतात, पण तांब्याच्या चोकसकट ती ५० च्या वर जाते. तिच्या जागी २० वॅटची एलईडी बॅटन पुरते. एलईडीचा उजेड खालीच पडतो, ट्यूबचा अर्धा उजेड छताकडे आणि भिंतीकडे जातो. समजा अशा ४० ट्यूब रोज १२ तास जळतात. प्रत्येकी ३२ वॅट वाचले तर रोजचे १५ युनिट झाले, वर्षाला साधारण ५,६००. कार्बनच्या भाषेत जवळजवळ चार टन.

विकत घेताना वॅट बघून घेऊ नका. खोक्यावर लुमेन, म्हणजे उजेडाचं माप, दिलेलं असतं, त्याला वॅटने भागा. शंभरच्या खाली येणारा माल ठेवून द्या. बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण, व्होल्टेज वाढलं तर तग धरण्याची सोय आणि दोन वर्षांची लेखी वॉरंटी या तीन गोष्टी बघा. स्वस्तातली एलईडी दिवा म्हणून जात नाही, तिचा ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला हवी तशी वीज पुरवणारा आतला भाग, जातो, आणि तो बहुधा पहिल्या पावसाळ्यातच जातो.

एलईडी आज एवढी स्वस्त का मिळते, हेही नव्या माणसाला माहीत असावं, कारण धोरणाने बाजार कसा हलतो याचं हे आपल्याकडचं उत्तम उदाहरण आहे. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी कंपनी ईईएसएलने एलईडी बल्ब खरेदी केले तेव्हा एका बल्बला तीनशे रुपयांच्या वर मोजावे लागले होते. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली. ईईएसएलने एकदम कोट्यवधी बल्बांच्या निविदा काढल्या, कारखानदारांना खात्रीचं गिऱ्हाईक मिळालं, आणि दोन वर्षांच्या आत खरेदीचा भाव चाळिशीच्या खाली आला. योजनेत ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. त्यात घरमालकाला अनुदान म्हणून पैसे दिलेले नव्हते, मागणी एकत्र केली होती. ही युक्ती लक्षात ठेवा, पुढे पंख्यांच्या वेळी आपल्यालाही ती वापरायची आहे.

आता टायमर आणि सेन्सर. महाराष्ट्रात डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, मे-जूनमध्ये सात वाजून जातात. ठरावीक वेळेचा टायमर लावला तर वर्षातले कित्येक महिने दिवे उजेडातच लागतात. त्यापेक्षा सूर्यास्ताच्या वेळेनुसार आपोआप बदलणारा टायमर किंवा उजेड ओळखणारा फोटोसेल घ्या. पार्किंगमध्ये हालचाल ओळखणारे सेन्सर लावा, पण जिन्यात लावताना जपून. दिवा पूर्ण विझणारा सेन्सर जिन्यात नको. एरवी मंद जळणारा आणि कोणी आलं की पूर्ण उजळणारा घ्या. पंचाहत्तरीच्या आजी अंधारात पहिली पायरी चाचपडतायत, अशी बचत मला तरी मान्य नाही.

चौथं काम: पंप

पंपाकडे कोणी बघत नाही, कारण तो चालतो. पाणी वर येतंय म्हणजे सगळं ठीक, असं आपण धरून चालतो. तो किती वीज खाऊन पाणी चढवतो, हे मात्र सहज मोजता येतं.

जमिनीखालच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून गच्चीवरच्या टाकीत पाणी पडतं तिथपर्यंतची उंची काढा. आपल्या इमारतीत ती साधारण ३० मीटर आहे. एका युनिटमध्ये कागदावर १२ हजार लिटर पाणी ३० मीटर चढू शकतं. पंप, मोटर आणि पाइप यांतल्या तुटी धरल्या तर चांगला संच पाच हजारांच्या जवळपास चढवतो.

मोजायचं असं: रात्री उशिरा लिफ्ट बंद ठेवा. गच्चीवरच्या टाकीचे आउटलेटचे व्हॉल्व्ह अर्धा तास बंद करा आणि तशी सूचना ग्रुपवर आधी टाका. टाकीतल्या पाण्याची पातळी काठीने मोजा, मीटरचं रिडींग घ्या, पंप लावा. पातळी ५० सेंटीमीटर वाढली की पंप बंद करा आणि पुन्हा रिडींग घ्या. टाकी आतून चार मीटर बाय तीन मीटर असेल तर सहा हजार लिटर चढलं. तेवढ्या वेळात दिव्यांनी किती खाल्लं ते लाल दिव्याच्या हिशेबाने वजा करा. समजा पंपाचे दोन युनिट निघाले. आता लिटर गुणिले मीटर, भागिले युनिट गुणिले ३,६७,००० (एका युनिटमध्ये कागदावर एवढे लिटर एक मीटर चढतात). सहा हजार गुणिले तीस, भागिले ७,३४,०००. उत्तर साडेचोवीस टक्के. चाळीसच्या वर असेल तर पंपाला हात लावू नका. तिशीच्या खाली असेल तर कुठेतरी दुखणं आहे.

ते दुखणं बहुधा यांपैकी एक असतं: इंपेलर (पाणी ढकलणारं आतलं चाक) झिजलेला, फुटव्हॉल्व्ह (टाकीतल्या पाइपाच्या तळाची झडप) गळका, मोटर दोन-तीनदा वाइंडिंग करून आणलेली, किंवा "टाकी लवकर भरू दे" म्हणून मूळच्या पंपाच्या जागी मोठा एचपीचा पंप बसवलेला आणि पाइप मात्र जुनाच. अरुंद पाइपातून दुप्पट वेगाने पाणी ढकललं तर घर्षणाची तूट सुमारे चौपट होते. पंप नवा घ्यायची वेळ आली तर दुकानदाराला एचपी सांगू नका. उंची किती आणि तासाला किती लिटर हवं ते सांगा, आणि स्टार लेबलचा संच मागा. मोटरवर आयई३ हा कार्यक्षमतेचा दर्जा लिहिलेला असावा.

एक खरं सांगायला हवं. आपल्या इमारतीला माणशी १३५ लिटरने रोज पंधरा हजार लिटर पाणी लागतं. पंप सुधारला तर रोज दोनेक युनिट वाचतात, दिव्यांच्या मानाने फार नाहीत. पण वीस-पंचवीस मजली टॉवर असेल, किंवा गच्चीवर टाकी न ठेवता प्रेशर पंपांनी थेट नळाला पाणी जात असेल, तर पंपच तुमचा पहिला नंबर. तिथे व्हीएफडी, म्हणजे मागणीप्रमाणे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, फार मोठा फरक पाडतो. सांडपाणी प्रकल्प असेल तर त्याचा ब्लोअर, म्हणजे हवा सोडणारा पंखा, चोवीस तास चालतो. त्याचं रिडींग वेगळं घ्या, बऱ्याच संकुलांत सगळ्यात मोठा खाऊ तोच निघतो.

टाकीला पाण्याची पातळी ओळखून पंप बंद करणारा कंट्रोलर नसेल तर तो आजच लावा. गच्चीवरून ओसंडणारं पाणी म्हणजे पाणीही गेलं आणि ते चढवायची वीजही गेली.

पंप कधी चालवायचा, हाही प्रश्न आहे. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार दिवसाच्या वेळेप्रमाणे दर लावायची पद्धत घरगुती ग्राहकांपर्यंत येते आहे, आणि सौर तासांतला दर नेहमीपेक्षा किमान २० टक्क्यांनी कमी ठेवायचा आहे. तुमच्याकडे स्मार्ट मीटर असेल तर बिलावर ही सवलत दिसते का ते पाहा. भर दिवसा ग्रीडमध्ये सौर वीज भरपूर असते, संध्याकाळी सूर्य मावळला की कोळशावर भार येतो. म्हणून पहाटे आणि संध्याकाळी चालणारा पंप शक्य तितका सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचमध्ये आणा. टाकी पुरेशी मोठी असेल तर कोणालाच फरक जाणवणार नाही, आणि खर्च शून्य.

लिफ्टबद्दल थोडक्यात

चालू असलेली चांगली लिफ्ट केवळ विजेसाठी बदलू नका, फिटत नाही. केबिनमधला पंखा आणि दिवा लिफ्ट रिकामी असताना बंद होईल एवढं करून घ्या. लिफ्टच्या कंपनीच्या माणसाला ते दहा मिनिटांचं काम आहे. लिफ्टचं आयुष्य संपून आधुनिकीकरणाची वेळ येईल तेव्हा गिअरलेस मोटर आणि व्हीव्हीव्हीएफ (मोटरचा वेग जुळवून घेणारा) ड्राइव्ह मागा, आणि कोटेशनमध्ये वीजवापराचा आकडा लिहून घ्या.

पाचवं काम: बंद दारांच्या आत

कमिटीचा अधिकार फ्लॅटच्या दारापर्यंत, हे मान्य. पण कार्बनचा मोठा वाटा दाराच्या आत आहे. गणित करून पाहू. जुना छताचा पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी मोटरचा (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. दिवसाला १२ तास आणि वर्षाचे ३०० दिवस चालला तर एका पंख्यामागे १६० युनिट वाचतात. २८ घरांत प्रत्येकी तीन, म्हणजे ८४ पंखे. सगळे बदलले तर वर्षाला साडेतेरा हजार युनिट, साडेनऊ टन कार्बन डायऑक्साइड. कॉमन एरियात कितीही घाम गाळला तरी एवढं वाचणार नाही.

इथे उजालाची युक्ती वापरा. ग्रुपवर विचारा, कोणाला किती पंखे हवेत. यादी झाली की तीन दुकानदारांकडून भाव मागवा. चाळीस-पन्नास पंख्यांची एकदम ऑर्डर म्हटल्यावर भाव उतरतो, बसवणूकही त्यातच होते. सक्ती मात्र करू नका. पाहुण्यांच्या खोलीतला दिवसाला तासभर चालणारा पंखा बदलून काही साधत नाही. दिवाणखान्यातला आणि निजायच्या खोलीतला आधी बदला.

स्टार लेबल कसं वाचायचं, हेही नोटीस बोर्डावर लावून टाका. संसदेने २००१ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा केला आणि २००२ मध्ये ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी म्हणजे बीईई स्थापन झाली. लेबलची योजना २००६ पासून आहे. एसी आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजला लेबल सक्तीचं आहे, आणि जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यालाही. लेबलवर फक्त तारे मोजू नका. वर्षाला किती युनिट, हा आकडा मोठ्या अक्षरात असतो, दोन मॉडेलची तुलना त्यावरून करा. लेबलचा कालावधीही छापलेला असतो. बीईई काही वर्षांनी निकष कडक करते, त्यामुळे गोदामात पडून राहिलेला जुन्या लेबलचा पाच तारे माल आजच्या निकषांत तीन-चार ताऱ्यांचा ठरू शकतो. सेलमध्ये "फाइव्ह स्टार" म्हणून अतिस्वस्त मिळणारा एसी उचलण्यापूर्वी तारीख बघा.

एसीचा लेबलवरचा वार्षिक आकडा १,६०० तास धरून काढलेला असतो. नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात तुमचा वापर त्याहून जास्त असेल, तर आकडा त्या प्रमाणात वाढवून घ्या. जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे नवे एसी चालू करताच २४ अंशांवर येतात, तेही नियमामुळे. बीईईच्या अंदाजानुसार एक अंश वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. २६ अंश आणि वर हळू पंखा, यात बहुतेकांना झोप छान लागते.

सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी आतून जागाच असतो. दहा वॅट धरले तरी वर्षाला ८७ युनिट. भिंतीवरचं बटण बंद करायची सवय घरातल्या मुलांना लावा, ती मोठ्यांपेक्षा चोख पाळतात.

वरच्या मजल्याचा प्रश्न

सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या घरांत एप्रिल-मे महिन्यांत एसी रात्रभर चालतो, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खाली उष्णता सोडत राहतो. गच्चीचं वॉटरप्रूफिंग कधी ना कधी करावंच लागतं. ते करताना पांढरा चायना मोझॅक किंवा ऊन परतवणारा पांढरा लेप घ्या. काळी डांबरी शीट ऊन शोषून आणखी तापते. नव्या इमारतींसाठी बीईईने २०१८ मध्ये इको निवास संहिता काढली, तिच्यात भिंती, खिडक्या आणि छतातून किती उष्णता आत यावी याच्या मर्यादा घातल्या आहेत. जुन्या इमारतीला ती लागू नाही. पण पुनर्विकासाची बोलणी चालू असतील तर बिल्डरबरोबरच्या करारात तिचा उल्लेख घालून घ्या. चौरस फुटांवर महिनोन्‌महिने भांडणारे आपण, छत आणि खिडक्यांवर एक वाक्यही मागत नाही.

सहावं काम: आता सोलर

आपल्या उदाहरणातली इमारत एलईडी, सेन्सर आणि पंपामुळे ४५ युनिटांवरून रोजच्या २४ युनिटांवर आली, असं धरू. महाराष्ट्रात एक किलोवॅट सोलर सरासरी रोज चार युनिट देतं. म्हणजे सहा किलोवॅट पुरे. काहीच न करता बसवलं असतं तर अकरा लागले असते. एका किलोवॅटला सावली नसलेली साधारण दहा चौरस मीटर जागा लागते, त्यामुळे गच्चीवर वाळवणाला आणि कोजागिरीलाही जागा उरते.

पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात घरांबरोबर गृहनिर्माण सोसायट्यांच्या कॉमन वापरासाठीही अनुदान आहे: किलोवॅटमागे १८,००० रुपये. सहा किलोवॅटला एक लाख आठ हजार. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर होतो, नोंदणीकृत विक्रेताच निवडावा लागतो आणि पॅनेल भारतात बनवलेली हवीत. अर्ज करण्यापूर्वी त्या दिवशीचे नियम पोर्टलवर वाचा. सोसायटीचा वापर बहुतांश रात्रीचा असतो आणि सोलर बनतं दिवसा. दिवसाची युनिटं रात्रीच्या वापरातून कशी वळती होतील, हे तुमच्या मीटरच्या प्रकारावर अवलंबून आहे. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका, वीज कंपनीकडून लेखी घ्या. करारात वर्षाला किती युनिट मिळतील त्याची हमी आणि पॅनेल धुण्याची जबाबदारी कोणाची, हे दोन मुद्दे असलेच पाहिजेत. धुळीने माखलेलं पॅनेल मुकाट्याने कमी वीज देतं, कोणाच्या लक्षातही येत नाही.

सभेपुढे नेताना

खर्च मोठा असेल तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. सभेत टनांमध्ये बोललात तर लोक मोबाइल काढतील, आणि फक्त रुपयांत बोललात तर "आमच्या वाट्याला महिन्याला पन्नास रुपयेच येणार ना" असा प्रश्न येईल. एका पानावर मांडा: आज रोज किती युनिट, काम झाल्यावर किती, खर्च किती, किती महिन्यांत फिटेल, आणि वर्षाला किती टन कार्बन. टनांसाठी युनिटला ०.७ ने गुणा आणि हजाराने भागा. सगळं एकदम मंजूर करून घेऊ नका. आधी फक्त दिवे. चार महिन्यांनी बिल उतरलेलं दिसलं की वाचलेल्या पैशांतून पंपाचा ठराव आणा.

मोठं संकुल असेल, शेकडो फ्लॅट, क्लबहाउस, जलतरण तलाव, तर बीईईचं प्रमाणपत्र असलेला एनर्जी ऑडिटर बोलवा. राज्यात या कायद्याची अंमलबजावणी पाहणारी संस्था महाऊर्जा, तिचं मुख्यालय पुण्यात आहे. कोणत्या योजना चालू आहेत ते तिथे विचारता येतं. "गुंतवणूक आमची, बचतीतला वाटा आम्हाला" असं सांगणाऱ्या कंपन्याही येतील. ही पद्धत वाईट नाही, पण बचत कशाच्या तुलनेत मोजणार, हे करारात स्पष्ट हवं. म्हणूनच बारा महिन्यांचा तो पहिला कागद जपून ठेवा.

कार्बन क्रेडिट विकून सोसायटीला पैसे मिळतील का, असंही हल्ली विचारतात. केंद्राने २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंगची योजना जाहीर केली आहे. तिचा रोख आधी सिमेंट, ॲल्युमिनियम यांसारख्या मोठ्या उद्योगांवर आहे. एका इमारतीच्या चार-पाच टनांची नोंदणी आणि पडताळणी करायचा खर्च मिळकतीहून जास्त होईल. असं आमिष दाखवणाऱ्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

काढलेल्या मालाचं काय

जुन्या ट्यूब आणि सीएफएलमध्ये पारा असतो. त्या घंटागाडीत टाकायच्या नाहीत, फोडायच्या तर मुळीच नाहीत. खोक्यात उभ्या ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संस्थेला द्या, त्यांच्याकडून पावती घ्या. जुने पंखे आणि मोटर भंगारात जाऊ देत, दुसऱ्या कोणाला वापरायला देऊ नका. आपल्याकडून निघालेली जुनी मोटर शेजारच्या इमारतीत जाऊन तेवढीच वीज खाणार असेल तर ग्रीडच्या दृष्टीने काहीच वाचलं नाही.

रिडींगची वही

दर महिन्याच्या एक तारखेला, त्याच वेळी, कॉमन मीटरचं रिडींग एका वहीत लिहा. तुलना मागच्या महिन्याशी करू नका, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. पावसाळ्यात दिवे लवकर लागतात, उन्हाळ्यात पाणी जास्त चढतं. आकडा अचानक दहा टक्क्यांनी वाढला तर बहुधा टायमर बिघडलेला असतो, बॉलकॉक अडकलेला असतो किंवा कोणीतरी कॉमन लाइनवर स्कूटर चार्ज करत असतं. वर्षातून एकदा पंपाची रात्रीची चाचणी पुन्हा करा. कमिटी बदलली की नव्या सेक्रेटरीला ही वही, बारा महिन्यांचा पहिला कागद, एलईडीच्या वॉरंटीची बिलं आणि सोलर इन्व्हर्टरच्या ॲपचा पासवर्ड द्या, आणि दप्तर ताब्यात दिल्याच्या पावतीवर या चारही वस्तूंची नावं लिहून घ्या.